बारावा चौकोन

इरा आणि निहार, हे तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे, पण निमित्त इराचं आहे. मागच्या रविवारी फोनवर ती म्हणाली, "आजी, मला युनिव्हर्सिटीत काम मिळालंय. इथल्या खेळाडूंचे फोटो, व्हिडिओ, वेबसाइट, सगळं आमची टीम बघते. तुला नाही कळायचं, पण जाम मजा असते." तिनं ते प्रेमानंच म्हटलं. मी "छान गं" म्हणून फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. डोंबिवलीत यंदा थंडी उशिरा आली. समोरच्या मैदानावर कुणीतरी फक्कीच्या ताज्या रेषा मारल्या होत्या. लाल मातीवर त्या इतक्या पांढऱ्या दिसत होत्या की डोळे बारीक करावे लागले.

मला कळतं, इरा. एक अख्खा हिवाळा मी तेच काम केलं आहे. तुमच्या आईला त्यातलं अर्धं माहीत आहे, तुम्हाला काहीच नाही. फक्कीच्या रेषा पाहून ते सगळं पुन्हा समोर आलं, म्हणून आता बसून क्रमानं लिहिते. क्रम सुटला की मला चैन पडत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात सावंत सर घरी आले. मी जिथे इंग्रजी शिकवलं त्या कॉलेजचे ते क्रीडाशिक्षक. त्याआधी कधीतरी माझ्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसायचे आणि खिडकीतून मैदान बघायचे.

"मॅडम, मुलींच्या कबड्डी संघाचं पान काढतोय. वेबसाइटवर आणि इन्स्टाग्रामवर. पण प्राचार्य म्हणतात, कॉलेजच्या नावानं बाहेर जाणारं प्रत्येक अक्षर आधी कुणा जबाबदार माणसानं वाचलं पाहिजे."

"आणि तो जबाबदार माणूस मी?"

"आता एवढं वाचतं कोण, मॅडम?"

हसू आलं तरी त्यांचं पुढचं बोलणं हसण्यासारखं नव्हतं. बारावीनंतर चांगल्या खेळणाऱ्या मुली ठाण्याला नाहीतर मुंबईला जात होत्या, कारण तिकडचे संघ फोनवर दिसायचे आणि आमचा कुठेच दिसत नव्हता. शिवाय नोकरी देणारे जे मोठे संघ असतात, त्यांचे प्रशिक्षक हल्ली निवड चाचणीला बोलावण्याआधी मुलीचा खेळ फोनवर बघून घेतात. "जी दिसत नाही, तिला बोलावणं येत नाही," सर म्हणाले. "आपली भावना तिसऱ्या वर्षाला आहे. तिचा हा शेवटचा हंगाम. अशी चढाई करणारी मुलगी मी वीस वर्षांत पाहिली नाही, आणि तिला आपल्या कॉलेजबाहेर कुत्रं ओळखत नाही."

मी होकार दिला.

माझ्या नोकरीच्या काळात कॉलेजचं सगळं प्रसिद्धीखातं म्हणजे जिन्याखालचा काळा फळा. अक्षर बरं म्हणून सामन्यांचे निकाल लिहायचं काम माझ्याकडे असायचं. वर उजव्या कोपऱ्यात तारीख, मधे निकाल, खाली खेळाडूंची नावं. मुली वर्गात जाता जाता थांबायच्या, आपलं नाव शोधायच्या, आणि कुणी बघत नाही असं वाटलं की त्या नावावरून हलकेच बोट फिरवायच्या. दुपारपर्यंत काही नावं पुसट झालेली असत. मी संध्याकाळी निघताना ती पुन्हा गिरवून ठेवायची.

आता माझ्यासमोर तन्वी होती. कॉम्प्युटर शिकणारी, चष्म्यावर सतत मातीचे कण असलेली, बोलताना समोरच्यापेक्षा फोनकडे जास्त बघणारी मुलगी. पान तिनं बांधलं. मी वाचून 'ठीक' असं कळवलं की ती ते पानावर सोडायची. पहिल्या आठवड्यात मी चांगली बेतशीर वाक्यं लिहून दिली. तन्वीनं ती वाचली आणि मान तिरकी केली.

"मॅडम, एक दाखवू? रागावू नका हां." तिनं फोनवर एक रेघ दाखवली. डावीकडे उंच, मग घसरत घसरत तळाशी. "हा आपला व्हिडिओ. लोक बघायला लागले इथे. आणि इथे, तुमचं वाक्य आलं ना, इथे सगळे कटले."

"कटले म्हणजे?"

"म्हणजे गेले. पुढच्या व्हिडिओवर."

मी ती रेघ किती वेळ बघत राहिले! आयुष्यभर वर्गात शिकवलं. समोरची मुलं नेमकी कुठल्या वाक्याला मनानं बाहेर गेली, हे एकदाही मला कुणी सांगितलं नव्हतं. इथे या पोरीच्या तळहातावर सेकंदासेकंदाचा हिशेब होता. राग यायला हवा होता, पण मला फक्त नवल वाटलं, आकाशातलं ग्रहण पहिल्यांदा काचेतून पाहताना वाटलं होतं तसं. त्या दिवसापासून मी वाक्यं आखूड केली.

सकाळचा सराव साडेसहाला सुरू व्हायचा. मी स्वेटर, कानटोपी आणि वही घेऊन मैदानाच्या कडेला खुर्चीवर. हवेत कारखान्यांचा आंबूस वास आणि थंडी, दोन्ही एकदम. मुली अनवाणी. आधी मैदानाला नमस्कार, मग दोन फेऱ्या. तन्वी मातीत पालथी पडून फोन धरायची. पहिल्यांदा तिनं संथ केलेली चढाई दाखवली तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा बघितली. इतकी वर्षं मी कबड्डी पाहत आले होते, पण कबड्डी म्हणजे माझ्या दृष्टीनं धुळीचा एक लोट आणि शिट्टी. त्या चित्रात भावनाचा पाय जमिनीवरून उठत होता आणि मातीचे कण त्याच्याबरोबर उठत होते, एकेक, मोजता येतील असे. पकडायला आलेली मुलगी अजून झेपावलेलीसुद्धा नव्हती आणि भावनाचा खांदा आधीच वळला होता. तिला ते कसं कळलं होतं? सर म्हणाले, "ते शिकवता येत नाही, मॅडम."

आत्ता हे लिहितानाही खालून शिट्टी ऐकू येते आहे. वाटतं, इरा, तूही कुठल्याशा झगझगीत हॉलमध्ये अशीच पालथी पडून कॅमेरा धरत असशील. तू सांगितलंस की तुमच्याकडे हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक खेळाडूला उभं करून धूर सोडतात, दिवे लावतात आणि फोटो काढतात. आमच्याकडे धूर नव्हता. आमच्याकडे फ्लेक्स होता.

पानाचं उद्घाटन करायचं ठरलं, आणि आपल्याकडे उद्घाटन म्हटलं की कॉलेजच्या दारावर फ्लेक्स आलाच. फोनवरच्या पानाची जाहिरात दोन बांबूंवर टांगलेल्या कापडावर! सरांनी नाक्यावरच्या दुकानात तो करून घेतला. बारा मुलींचे बारा चेहरे, खाली पानाचा पत्ता. छापण्याआधी त्याचा नमुना माझ्याकडे आला. मी तो चारदा वाचला, एक स्वल्पविराम काढला, 'ठीक' म्हणून कळवलं.

फ्लेक्स सोमवारी लागला. मंगळवारी सकाळी भावना सरावाला आली, पण लांब उभी राहिली. मी हाक मारल्यावर आली आणि पायाच्या अंगठ्यानं फक्कीची रेषा खरवडत म्हणाली, "मॅडम, माझा फोटो काढून टाका. सगळीकडनं. घरून नाही म्हणतात."

"कोण नाही म्हणतं?"

"आजी."

"आणि तू?"

शिट्टी झाली आणि ती पळत गेली. त्या दिवशी तिनं चढाईत सगळ्या मुलींना इतक्या रागानं बाद केलं की सरांनीच तिला थांबवलं.

फ्लेक्स उतरवून घेत सर म्हणाले, "जुनी माणसं आहेत, मॅडम. शॉर्ट्सचं असणार." मलाही तसंच वाटलं. इतकं वाटलं की मी विचारण्याचीही तसदी घेतली नाही. मी माझ्या स्वभावाप्रमाणे एक संमतीपत्र तयार केलं. 'माझ्या पाल्याचा फोटो व व्हिडिओ प्रसिद्ध करण्यास माझी हरकत नाही.' बारा प्रती. अकरा सह्या होऊन आल्या. बारावी प्रत कोरीच आली, चार घड्या घातलेली.

मग पानाचा प्रश्न उभा राहिला. संघातल्या बारा जणींचे बारा चौकोन, त्यातला शेवटचा करडा आणि रिकामा. ज्या मुलीसाठी पान काढलं, तीच त्यात नाही. तन्वीनं एक वाट काढली. "चेहरा नको ना? मग पाय चालतील." तिनं भावनाच्या पावलांचा व्हिडिओ केला. नुसती पावलं, मध्यरेषा, आणि 'कबड्डी कबड्डी' असा दम. लोक त्यावर थांबले. ती रेघ या वेळी घसरलीच नाही. खाली कुणी कुणी विचारू लागलं, ही कोण, हिचं नाव काय, कुठल्या कॉलेजची. आणि घरच्या होकाराशिवाय आम्हाला उत्तर देता येत नव्हतं. हंगामाचे तीन आठवडे उरले होते.

"मॅडम, तुम्ही एकदा जाऊन बघा ना," तन्वी म्हणाली. "आजी-आजीचं जमेल."

भावनाचं घर कल्याणच्या बाजूला, एका जुन्या गावात. गाव म्हणायचं, पण आता भातशेतीच्या जागी इमारती आहेत. तिच्या घरच्यांचीही चार मजल्यांची आहे, गच्चीवर मोबाइलचा टॉवर. रविवारी दुपारी तन्वी आणि मी शेअर रिक्षानं पोहोचलो तेव्हा तिची आजी खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून वालाच्या शेंगा सोलत बसली होती. हिराबाई तिचं नाव. वयानं माझ्याएवढी, हातानं माझ्यापेक्षा चपळ.

"या, बसा. भावना, खुर्ची आन गो!" मग माझ्याकडे बघून, "तुमी फोटूसाठी आलाव."

मी प्रस्तावना तयार करून नेली होती. मुलींची प्रगती, बदलता काळ, खेळाचा पोशाख. दोन वाक्यं झाली असतील, तोच तिनं हात वर केला.

"चड्डीचा कोन बोलला? आमी चिखलात लावनी केली, ती काय नऊवारी सोरून? गुरघ्यावं खोचूनच ना? पोरीचे पाय हायेत, पलायला दिलंत देवानं." शेंग फुटली, दाणे टोपलीत पडले. "मना फोटू नको."

"का हो?"

शेंगा सोलता सोलता तिनं सांगितलं. भावनाचा बाप, तिचा मुलगा, गावच्या संघात चढाई करायचा. भावना आठ वर्षांची असताना तो तापानं गेला. मंडळाच्या पोरांनी संघाच्या फोटोतून त्याचा चेहरा कापला, फ्लेक्स केला, नाक्यावर लावला. भोवती फुलांची चौकट, खाली समई.

"लावला तो लावला, कारला कोनी नाय. चार महिने माझा पोर नाक्यावं उभा. मी बाजारान जायची, तो बघायचा. मच्छी घेऊन यायची, तो बघायचा. उन्हानं त्याचा तोंड पांढरा झाला, तरी उभा. मंग एक दिस वाऱ्यानं फाटला." तिनं पदरानं हात पुसले. "आनि त्या दिवशी मी रिक्षान होती. कालेजचे दारावं माझी पोर, बाकीच्या मना दिसल्याच नाय. तीच फुला, तीच चौकट. मी रिक्षावाल्याला बोलली, थांब. उतरली. कुनाला विचारू, माझे पोरीला काय झाला?"

फ्लेक्सची दुकानं कुठलीही असोत, नमुना तोच. वाढदिवस, अभिनंदन, श्रद्धांजली, सगळ्याला तीच फुलं. आणि मी तो मजकूर चारदा वाचला होता. अक्षरं तेवढी वाचली, चौकटीकडे पाहिलंच नाही.

"माझी चूक झाली," मी म्हटलं. "तो मीच मंजूर केला होता."

हिराबाईनं माझ्याकडे नीट बघितलं. "तुमी कुठं मुद्दाम केलाव," ती म्हणाली. पण तिचा चेहरा सैल झाला नाही.

भावना चहा घेऊन जिन्यात उभी होती. ती तिथूनच बोलली, "आजी, मला फोटो नको असता तर मीच नाही म्हटलं असतं. मला पाहिजेय. मला बोलावणं यायला पाहिजेय." आवाज चढला नव्हता.

तेव्हा तन्वीनं, मला न विचारता, आपला फोन हिराबाईच्या हातात दिला. त्यावर ती संथ चढाई होती, चेहऱ्यासकट, कुठेही न सोडलेली.

"ही कोन? हलू हलू काय चालतं?"

"भावनाच आहे, आजी. मीच स्लो केलंय."

हिराबाईनं फोन आधी लांब धरला, मग जवळ आणला. पडद्यावर भावना मध्यरेषा ओलांडून आत गेली, झुकली, आणि वळण्याआधी तिचा डावा हात मागे गेला आणि त्यानं शर्टाची कड खाली ओढली. एवढंच. मी ती चढाई वीस वेळा पाहिली असेल, तो हात मला दिसला नव्हता.

"ह्यो बग!" हिराबाई ओरडलीच. "सदऱ्याला हात! बापाचा हात!" तिनं जिन्याकडे बघितलं. "तुना कोनी शिकवला गो?"

"काय?"

"सदरा वराचा!"

"मी ओढते?" भावना म्हणाली. तिला माहीतच नव्हतं. आठ वर्षांची असताना गेलेल्या बापाची सवय तिच्या हातात होती, आणि ती ना तिला ठाऊक होती ना आम्हाला. पुढ्यात वालाची टोपली, वर टॉवर, आणि तळहाताएवढ्या पडद्यावर एक गेलेला माणूस क्षणभर आपला सदरा सारखा करून जात होता.

"फिरून लाव," हिराबाई म्हणाली. तन्वीनं लावला. "फिरून." आम्ही चहा संपवला. चौथ्यांदा, पाचव्यांदा. शेवटी भावनाच म्हणाली, "आजी, पुरे आता. बॅटरी संपेल त्यांची."

"संपू दे. आपल्याकडं लाईट नाय काय?"

निघताना तिनं आपली अट सांगितली. "उभा फोटू नको. कवाच नको. पलताना दाखवा. पलतंय तवर मना भ्याव नाय." मी वहीत तारीख घालून ते लिहून घेतलं, शब्दाला शब्द, आणि तिला वाचून दाखवलं. तिनं खाली सही केली, सावकाश, एकेक अक्षर जोडत.

वेबसाइट बघणाऱ्या कॉलेजच्या माणसानं सांगितलं, चौकोनात फोटोच बसतो, दुसरं काही बसत नाही. तन्वी दोन दिवस मैदानावर दिसली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मला पान दाखवलं. अकरा चौकोनांत अकरा मुली हसत, हात बांधून उभ्या. बाराव्यात भावना धावत होती. आत जायची, वळायची, सदरा ओढायची, परतायची, आणि लगेच पुन्हा आत जायची. दिवे नाहीत, धूर नाही. अख्ख्या पानावर नजर दुसरीकडे ठरतच नव्हती. हंगाम संपायला चार दिवस असताना एका मोठ्या संघाच्या प्रशिक्षकांचा निरोप पानावर आला. सरांनी तो मैदानावर मोठ्यानं वाचला: 'बाराव्या चौकोनातल्या खेळाडूचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख कळवा. चाचणीला पाठवा.' मुलींनी भावनाला मातीत लोळवलं. मी वहीत निरोपाची वेळ लिहिली.

चाचणीत तिची निवड झाली, पहिल्या वर्षी राखीव म्हणून. आता ती त्या संघातून खेळते आणि तिथेच नोकरी करते. त्यांच्या पानावर सगळ्यांचे उभे फोटो असतात. तिचा नाही. ते कसं जमवलं, हे मी तिला विचारलेलं नाही.

यंदा कॉलेजनं नवी वेबसाइट करून घेतली. फार देखणी आहे. आमचे बारा चौकोन तीत नाहीत, जुन्या पानाचा पत्ता टाकला तर कोरा पडदा येतो. तन्वी पुण्याला नोकरीला लागली. हिराबाईचे गुडघे दुखतात, ती फारशी खाली उतरत नाही. दारावरचे फ्लेक्स मात्र कॉलेजनं तेव्हापासून बंद केले.

आणि माझं संमतीपत्र आहे. त्या रविवारनंतर मी त्यात शेवटी एक प्रश्न वाढवला: 'तुम्हाला कसं दाखवलेलं चालेल?' खाली दोन मोकळ्या ओळी. दर जूनला संघात येणाऱ्या मुली आणि त्यांच्या घरची माणसं त्या ओळी भरतात. यंदाही भरल्या.